वहीतलं सुटलेलं पान

मी संशयी माणूस आहे. हे मी लाजून सांगत नाही आणि मिरवतही नाही. दूधवाला दुधात पाणी घालतो की पाण्यात दूध, हे मला चाळीस वर्षांत ठरवता आलं नाही, पण लक्ष मात्र मी रोज ठेवलं. बायको म्हणायची, "देवाने समोर येऊन प्रसाद दिला तरी तुम्ही आधी हुंगून बघाल." खरंच बघितला असता. एका सरकारी कचेरीत जन्मभर कागद सांभाळायचं काम केलं मी. तिथे कागदावर विश्वास ठेवणारा फसतो, आणि माणसावर ठेवणारा त्याच्याही आधी फसतो.

बायको गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि मुलगी. मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची. दिल्लीत दोन वर्षं राहून स्पॅनिश भाषा शिकली होती, तिथेच तिला कुठल्याशा कंपनीत स्पॅनिश कागद वाचायचं काम मिळालं होतं. आईच्या आजारपणात ती झाशीला आली ती इथेच राहिली. काम घरूनच करायची. दिवसभर आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर, आणि दुपारी चार वाजले की दार लावून फोनवर तासभर स्पॅनिश. वरची परीक्षा द्यायची आहे, शिकवणी चालू आहे, असं तिने मला सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणजे खरंच असेल असं नाही.

मला भीती एकच होती, आणि ती सरळ सांगतो. ही पोरगी एक दिवस मला न सांगता निघून जाईल. नोकरीसाठी जाईल, नाहीतर कोणाबरोबर जाईल. कुठेही गेली तरी मला सगळं ठरून गेल्यावर कळेल. तिच्या आईला ती सगळं सांगायची. आईकडून ते गाळून, निवडून माझ्यापर्यंत यायचं. माझं म्हणणंही त्याच वाटेने तिच्याकडे जायचं. आता मधलं माणूसच नव्हतं. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि मीठ पुढे सरकवण्यापलीकडे आमचं बोलणं जायचं नाही.

त्यात ती परकी भाषा. आमच्या घरात समोरच्याला न कळणारी भाषा कशासाठी वापरतात हे मला कोणी शिकवायला नको होतं. आमचे कोणी खापरपणजोबा पूजेअर्चेसाठी महाराष्ट्रातून इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. बाहेर सगळा व्यवहार हिंदीत, शेजारी बुंदेली, आणि मराठी फक्त घरात. घराबाहेर मराठीचा उपयोग एकच, समोरच्याला कळू न देता आपसात बोलणं. मानिक चौकात एक साडीवाला होता, लग्नापासून आम्ही त्याच्याकडेच जायचो. गादीवर बसलं की बायको त्याला म्हणायची, "भैया, वो नीली वाली दिखाइए." आणि लगेच माझ्याकडे वळून मराठीत, "काठ बरा आहे, पण दर फार सांगतोय. मी उठले की तुम्हीही उठा." मी उठायचो. झाशीतली सगळी मराठी घरं हेच करतात. डॉक्टरसमोर, भाडेकरूसमोर, लग्न ठरवायला आलेल्या मध्यस्थासमोर. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की माणूस तुमच्यासमोर दुसऱ्या भाषेत शिरला की काहीतरी लपवतोय.

त्या साडीवाल्याची आणखी एक गोष्ट आहे, ती मला तेव्हाच आठवायला हवी होती. वीसेक वर्षांनी एकदा दुकानातून उतरताना मी बायकोला म्हटलं, "याला आपलं मराठी कळतं बहुतेक." ती म्हणाली, "बहुतेक काय, कळतंच. म्हणून तर बोलते." त्याच्या तोंडावर भाव पाडून मागायला तिला संकोच वाटायचा. मग ती मला सांगितल्यासारखं करून त्यालाच सांगायची, आणि तोही न ऐकल्यासारखं करून साडीची घडी उलगडत म्हणायचा, "दाम तो बैठ के हो जाएगा, बहनजी." लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार. मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. साडीवाल्याने दिलेली लेमनची गोळी चघळत ती गादीच्या कडेला बसून हे सगळं ऐकत असायची.

तर दुपारी चार वाजता मी दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचायला लागलो. खुर्ची तिथे का, तर तिथे वारा लागतो. तिनेही विचारलं नाही. आतून पाण्याच्या नळासारखी स्पॅनिश चालायची. कान देऊन आठ दिवस ऐकल्यावर त्यातला एक शब्द मला पुन्हा पुन्हा ओळखू यायला लागला. देहार. कधी देहो, कधी देहा, कधी देहामे. माणूस एकच शब्द इतक्या वेळा का घेतो? देणं लागत असेल, नाहीतर प्रेमात असेल. मी पेपरच्या कडेला शब्द लिहून ठेवला.

एका सकाळी ती भाजी आणायला गेली आणि तिची निळ्या पुठ्ठ्याची वही जेवणाच्या टेबलावर राहिली. विसरली की ठेवली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. एरवी दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारा मी, त्या दिवशी सरळ वही उघडून बसलो.

प्रत्येक पानावर डाव्या बाजूला स्पॅनिश वाक्यं आणि उजव्या बाजूला त्यांचा हिंदी अर्थ, अशी वही होती. तिचं शिक्षण सगळं हिंदीत झालेलं, मराठी ती बोलायची पण लिहायची नाही. पानाच्या डोक्यावर तोच शब्द लाल शाईत. लिहिताना मधे इंग्रजी जे घालायचं आणि म्हणताना ह म्हणायचं. लिहायचं एक, बोलायचं दुसरं; माझा संशय तिथेच वाढला. खाली अर्थ दिला होता, सोडणं. पहिलं वाक्य होतं, माझ्या काकांनी सिगारेट सोडली. माझ्या भावांपैकी कोणी सिगारेट ओढत नाही. दुसरं, मला कोपऱ्यावर सोड. तिसरं, तिने त्याला सोडलं. चौथं मी दोनदा वाचलं. मी टेबलावर चिठ्ठी ठेवली आहे, घरच्यांना नंतर सापडेल.

आता मला हसू येतं. तेव्हा आलं नाही. कोणता कोपरा, कोणी कोणाला सोडलं, कसली चिठ्ठी? मी टेबलाखाली वाकून बघितलं. टेबलक्लॉथ उचलून बघितला. चिठ्ठी नव्हती, एक जुनं लाइटबिल होतं.

त्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "बाबा, इलाइटला जाऊन येते, काम आहे." मी म्हटलं, "जा." आणि पाच मिनिटांनी दुसरी रिक्षा करून तिच्या मागे गेलो. इलाइट चौराह्यावर नेहमीची गर्दी. मी एका चष्म्याच्या दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो. ती कोणत्याही कोपऱ्यावर कोणाला भेटली नाही. फोटोच्या दुकानात गेली, दहा मिनिटांनी बाहेर आली, हातात पाकीट. पाकिटातले फोटो काढून तिने बघितले, लहान, मागे पांढरा पडदा असलेले. अर्जाला लावतात तसले. तेवढ्यात चष्मेवाला माझ्या पाठीशी येऊन म्हणाला, "बाबूजी, नंबर चेक करा लीजिए, आप बड़ी देर से आँखें मिचमिचा रहे हैं." मी नंबर तपासून घेतला. पाव नंबर वाढला होता.

म्हणजे अर्ज करते आहे. कुठे, ते सांगत नाही. पुढचे दोन आठवडे ती भाजीला, देवळात, बँकेत गेली की मी वही उघडायचो. आणि खोटं कशाला सांगू, वाचता वाचता मला त्या शब्दाची गोडीही लागली. सोडणं हा अर्थ तर केवळ दारातला होता, आत गेलं की वेगळंच. पुस्तक टेबलावर ठेवणं, तेही देहार. मला बोलू दे, तेही देहार. तुझं पेन जरा देतोस का, परत देईन, इथेही तोच. जाऊ दे, सोड तो विषय. ती रडायची थांबली. एवढी कामं एका शब्दाने करायची म्हणजे त्याची दमछाक होत असणार. मग मी आपल्या सोडण्याचा हिशेब मांडला. आपणही उपास सोडतो, नोकरी सोडतो, पाहुण्याला स्टेशनवर सोडतो, नळाचं पाणी सोडतो, केस मोकळे सोडतो. आपलं सोडणंही काही कमी कामाचं नाही. फरक मला एकाच जागी दिसला. आपल्याकडे सोडून जाणं वेगळं आणि जाऊ देणं वेगळं. जाणाऱ्याचं एक, राहणाऱ्याचं एक. त्यांच्याकडे दोघांनाही तोच एक शब्द पुरतो. हे मला काही बरं वाटलं नाही.

मग एक दिवस वही उघडली आणि मला ते दिसलं. पानाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक टिक. मागचं पान उलटलं, तिथेही टिक. त्याच्या मागेही. सगळ्या पानांवर, आणि सगळ्या माझ्या हातच्या.

हे कसं झालं ते सांगतो. कचेरीत माझ्या हातात आलेला प्रत्येक कागद वाचून झाला की मी उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिक करायचो, म्हणजे तो पुन्हा वाचावा लागू नये. छत्तीस वर्षं. पेन्सिल कानावर असायची, ती निवृत्तीनंतरही कानावरच राहिली. आता मी पेपरच्या पानांवर टिक करतो, लाइटबिलावर करतो, लग्नपत्रिका आली तर तिच्यावरही करतो. हात करतो, मला कळतही नाही. चोर चोरी करायला गेला आणि येताना सही करून आला, तशी माझी गत झाली होती.

आधी वाटलं, खोडरबराने पुसावं. मग वाटलं, पुसलेलं जास्त दिसतं. मी पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सुरुवातीची वाक्यं पुस्तकी होती. काका, सिगारेट, चिठ्ठी. माझी पहिली टिक झाल्यावर दोन पानांनी वाक्यं बदलली होती. माझ्या बाबांनी डॉक्टरांनी सांगूनही चहातली साखर सोडलेली नाही. गॅस चालू ठेवून बाहेर जाऊ नये. ओला टॉवेल पलंगावर ठेवू नये. आणि एका पानाच्या तळाशी, काही लोक दाराबाहेर बसतात, त्यांनी आत यावं, मी त्यांना बसू देईन.

मला मानिक चौकातली ती गादी आठवली आणि लेमनची गोळी चघळणारं पोर आठवलं. आईची लेक ती. तोंडावर बोलता येत नाही, म्हणून वहीला सांगत होती आणि मला ऐकवत होती.

मी काही बोललो नाही. बोलायचं असतं तर वहीच कशाला लागली असती? पण टॉवेल दोरीवर घालायला लागलो. चहात साखर अर्धा चमचा. दुसऱ्या दिवशी वहीत, बाबांनी आज टॉवेल पलंगावर ठेवला नाही. मी टिक केली. मग वही रोज टेबलावर राहायला लागली आणि पेन्सिलीला टोकही कोणीतरी करून ठेवायला लागलं. एका वाक्यात तिने लिहिलं, आईची शिवणाची मशीन मला कोणाला द्यायची नाही, ती इथेच राहू दे. माझ्या मनात मशीन देऊन टाकायची होती, भावजय मागत होती. मी भावजयीला 'नाही' कळवलं आणि पानावर टिक केली. तो दीड महिना आमच्या घरात जितकं बोलणं झालं तितकं आधीच्या दोन वर्षांत झालं नव्हतं. तरी संशय काही गेला नाही. फोटो कशाला काढले, हे कोणत्याच पानावर येत नव्हतं.

ते आलं एका सोमवारी.

डाव्या पानावर फक्त पाच वाक्यं, एरवीपेक्षा सुटी सुटी लिहिलेली. पुण्याच्या कंपनीने दिलेली नोकरी चांगली आहे, ती सोडून देणं वेडेपणा होईल. मला बाबांना एकटं सोडायचं नाही. मी उत्तर शुक्रवारपर्यंत बाजूला ठेवलं आहे. मी फोटो लावले पण अर्जाची एक जागा कोरी ठेवली. आणि शेवटचं वाक्य, बाबा मला जाऊ देतील का? त्याचं स्पॅनिशही मला वाचता आलं. मे देहारा इर मी पाद्रे. समोरच्या उजव्या पानावर नेहमीची वाक्यं होती, छत्री, दार, कुत्रा.

पुणं. आमचं घराणं जिथून निघालं त्या मुलखात ही परत जायला निघाली होती, आणि तेही स्पॅनिशच्या जोरावर. तिथे हिच्या मराठीला लोक हसतील, 'मैं' आणि 'मी'ची खिचडी करते ती, हा विचारही मनात येऊन गेला. पण खरा विचार तो नव्हता. माझी एकदा मऊरानीपुरला बदली झाली होती, दोन तासांचा रस्ता, तरी मी सहा महिने साहेबांच्या दारात उभा राहून ती रद्द करून घेतली. एका खोलीत एकटं राहायचं या कल्पनेनेच मला ताप आला होता. आता तर अख्खं घर.

पेन्सिल हातात होती. टिक केली की मी वाचलं असं होणार, आणि वाचलं की उत्तर द्यावं लागणार. आणि उत्तर एकच होतं, जा. बापाने दुसरं काय म्हणायचं? ते मला म्हणायचं नव्हतं. मग माझ्यातला कचेरीतला माणूस जागा झाला. ज्या कागदावर वाचल्याची खूण नाही, तो कागद आलाच नाही. मी ते पान तसंच सोडलं. समोरच्या छत्री-दार-कुत्र्याच्या पानावर टिक केली, वही मिटली, आणि होती त्या जागी ठेवली. तिला वाटेल, पान नजरेतून निसटलं. मग ती पुन्हा लिहील, तोवर शुक्रवार होऊन जाईल.

इतकी हुशारी केली आणि त्यानंतर मला वही उघडायचा धीर होईना. मंगळवारी वही टेबलावर होती, मी पेपर तिच्यावर ठेवला. बुधवारी ती पेपरवर होती. मी ताट घेऊन पलंगावर जेवलो. पोरगी माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघत नाही असं बघायचो. गुरुवारी तिने चहा दिला तेव्हा विचारलं, "बाबा, बरं आहे ना?" मी म्हटलं, "मला काय धाड भरली आहे." दुपारी चार वाजता शिकवणी झाली नाही. आतून काहीच आवाज आला नाही, आणि मी खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली.

शुक्रवारी संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "पुण्याला 'नाही' म्हणून कळवलं मी."

"कसलं पुणं?" मी विचारलं. अगदी बरोबर जमलं होतं मला ते, कचेरीत असतो तर कोणी पकडलं नसतं.

ती ताटातली पोळी मोडत म्हणाली, "तुमच्या हातून पान सुटत नाही, बाबा. मागचं वाचल्याशिवाय तुम्ही पुढचं उलटत नाही. मी लहानपणापासून बघतेय." मग ती ताक आणायला आत गेली.

मला काय वाटलं ते लिहितो, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. आधी आनंदच झाला. ती राहणार, सकाळी चहा मिळणार, आतल्या खोलीत दिवा दिसणार. मी त्या रात्री एक पोळी जास्त खाल्ली. लाज वाटली ती नंतर, झोपताना, आणि ती वाटत राहिली. पण लाज वाटली म्हणून मी उठून तिच्या दारापर्यंत गेलो असं काही झालं नाही. वाटलं, बोलेन एकदा सवडीने.

निळी वही टेबलावरून गेली. नवी वही आली ती तिच्या खोलीतच राहायची. गॅसचं, टॉवेलचं, साखरेचं आता ती तोंडाने सांगायची, कामापुरतं. शिकवणी पुन्हा चालू झाली. मी दाराबाहेर बसणं सोडलं होतं, कारण ऐकू आलं असतं तरी ते माझ्यासाठी नसतं. परीक्षा ती पास झाली, पेढे आणले. मी त्या पेढ्यांच्या पुड्याच्या कागदावर टिक केली, तिने पाहिली, पण हसली नाही.

वर्षभराने एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, पुण्याला दुसरी जागा मिळाली. दहा तारखेला निघतेय, तिकीट काढलंय."

मी वाट बघितली. पुढे काहीतरी येईल असं वाटलं, चालेल का, जाऊ का, तुम्ही काय म्हणता. कप घेऊन ती उठली तरी मी वाट बघत होतो. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं तिच्याजवळ, गेल्या वर्षी विचारून झालं होतं. मी म्हटलं, "बरं."

मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी सकाळची होती आणि वेळेवर होती, तेही मला खटकलं. खिडकीतून ती औषधांच्या वेळा सांगत होती, कामाची बाई कधी येईल, सिलिंडर कधी लावायचा. मी सगळ्याला हो म्हटलं. बोलेन म्हणून ठेवलेलं जे होतं ते तोंडाशी आलं, तेवढ्यात शेजारच्या सीटवरचे गृहस्थ म्हणाले, "अंकल, बैग ज़रा खिसका लें?" आम्ही बॅग सरकवली. गाडी सुटली.

घरी येऊन चहाचं आधण ठेवलं आणि टेबलाकडे वळलो तर तिथे निळी वही. वर्षभर दिसली नव्हती. विसरली की ठेवली? या वेळी हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला, आणि उत्तर माहीत होतं.

मी चष्मा लावला आणि काका-सिगारेटपासून सुरुवात केली. प्रत्येक पानावर माझी टिक. टॉवेल, साखर, मशीन. मग ती पाच वाक्यं. कोपरा कोरा. समोर छत्री, दार, कुत्रा, आणि टिक. तिथे माझ्या लेखी वही संपली होती. त्याच्यापुढे मी कधी गेलोच नव्हतो. जन्मभर लोकांचे कागद वाचले, आणि नेमकं एक पान भीतीने उलटलं नाही.

उलटलं. तिथे स्पॅनिश नव्हतं, हिंदीही नव्हतं. मराठी होतं. मुलीच्या हातचं मराठी मी पहिल्यांदा बघत होतो, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, एके ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं. वर वार घातला होता, बुधवार.

"बाबा, पान सुटलं की तुम्ही सोडलं? शुक्रवारी सकाळपर्यंत वाट बघते. टिक नको. तोंडाने सांगा. नाही म्हणालात तरी चालेल."

बुधवारी, गुरुवारी, वही पेपरवर होती. शुक्रवारी सकाळी ती माझ्या चहाच्या कपाशेजारी होती, मला आठवलं, मी कप उचलून खिडकीत गेलो होतो. नाही म्हणालात तरी चालेल. पोरीला जायची परवानगीसुद्धा नको होती. बापाने एकदा तोंड उघडावं एवढंच हवं होतं तिला.

मी फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला, मागे गाडीचा खडखडाट.

"बाबा? पोचलात घरी?"

"सोडलं होतं," मी म्हटलं. "सुटलं नव्हतं. मी वाचलं होतं ते पान."

मला वाटलं फोन कटला. कानावरची पेन्सिल मी हातात घेऊन बसलो होतो.

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. मग, "गॅस बंद केलात ना?"

मी उठून बघितलं. चालूच होता, आणि आधण आटून भांडं करपलं होतं.